गजभिये सरांची चिमूट

गजभिये सरांना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करायचे नाहीत. चष्म्याच्या वरून पाहायचे आणि विचारायचे, "काय बदललं?"

रायपूरजवळ, उरल्याच्या एका सळयांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून माझा पहिला आठवडा होता. मी म्हणाले, "काही नाही, सर."

"असं होत नाही. कालच्यापेक्षा काहीतरी बदललंच असंन. आठवा."

मी आठवून सांगितलं की आज बस चुकली, ऑटोने आले. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कामाला लागले, जणू मी पदराखालून चोरीचा माल काढून दिला होता.

माणूस ठेंगणा, सावळा, कानावर पेन. आठवड्यात दोनच शर्ट, एक राखाडी आणि एक फिका निळा, ठरलेल्या वारी. जेवणाचा डबा ठरलेल्या वेळी, आठ वाजताची स्कूटर ठरलेल्या रस्त्याने. लोक त्यांना कंजूष म्हणायचे, काही चक्रम म्हणायचे. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "आपण रोज सारखेच राहिलो, मॅडम, तर दुसरं कोण हललं ते दिसते."

आमची प्रयोगशाळा म्हणजे भट्टी आणि रोलिंगच्या मधली एक लांबट खोली. खिडकीवर बोट फिरवलं तर काळं व्हायचं, दहा मिनिटांपूर्वी पुसली असली तरी. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा, एक छोटा गोळा आमच्याकडे यायचा. गोळ्याला ड्रिलने भोक पाडायचं, पडलेला बुरादा, म्हणजे लोखंडाचा चुरा, कागदाच्या पुडीत घ्यायचा, त्यातला बरोबर एक ग्रॅम तोलायचा आणि लालभडक नळीत प्राणवायूवर जाळायचा. निघालेला वायू मोजला की लोखंडात कार्बन किती ते कळतं. कार्बन जास्त झाला की सळई कडक होते आणि वाकवली की तडकते. अशी हीट बाजूला काढायची, पुन्हा वितळवायची, आणि मग वितळवणारे, भंगार विकत घेणारे आणि प्रयोगशाळा यांनी एकमेकांची नावं घ्यायची. आता आमच्याकडे ठिणगी पाडून अर्ध्या मिनिटात आकडे देणारं यंत्र आहे. तेव्हा गजभिये सर होते.

कार्बन त्यांचा, बाकीची मूलद्रव्यं माझी. आणि कार्बनमध्ये त्यांची चिमूट. तराजूवर चमच्याने बुरादा टाकायचा, शेवटचे दोनचार कण चिमट्याने उचलून ग्रॅम पुरा करायचा, असं पुस्तकात आहे. सर चिमटा वापरायचे नाहीत. अंगठा आणि दोन बोटं पुडीत घालायचे, एकदाच सोडायचे, आणि काटा एक ग्रॅमवर येऊन थांबायचा. बाहेरचे तपासनीस आले की मॅनेजर शर्माजी मुद्दाम त्यांना तिथे घेऊन यायचे. "हमारे गजभियेजी का हाथ देखिए।" सर वर बघायचे नाहीत, पण कान लाल व्हायचे. त्या माणसाला गर्व असलाच तर तेवढाच होता.

नवीन कोणी आलं की ते तीन वाक्यं ऐकवायचे. "एक गोष्ट हलवायची. एक पाहायची. बाकी सगळ्या बांधून ठेवायच्या." पुस्तकात याला चल म्हणतात, स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित चल. सरांना ते शब्द येत होते, पण ते वापरायचे नाहीत. हलवलेली, पाहिलेली, बांधलेली. मी पदवीला जे तीन वर्षं पाठ केलं ते मला उरल्यात, दोन भट्ट्यांच्या धगीत, या तीन शब्दांनी समजलं.

घरीही त्यांचं हेच. त्यांच्या बायकोचा गुडघा दुखायचा. तिने एकाच आठवड्यात डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, वैद्याचं तेल लावलं आणि तलावाभोवती चालायला लागली. महिन्याभरात गुडघा बरा झाला. मी हळदीकुंकवाला बोलवायला गेले होते. बौद्ध घर आहे हे विसरले होते, म्हणून वहिनी आधी मनसोक्त हसल्या. सर मात्र तोंड पाडून बसले होते.

"आता काय सांगायचं, गोळीनं बरा झाला, का तेलानं, का चालण्यानं?" ते मला म्हणाले.

आतून वहिनींचा आवाज आला, "माहा घुडगा बरा झाला ना? तुमचं काय बिघडून राहिलं?"

"उद्या पुन्हा दुखला तर कोणाले पकडायचं?"

"दुखला तर तुम्हालेच पकडीन!"

त्याच दिवशी त्यांनी मला थर्मामीटरची गोष्ट सांगितली. रेल्वे कॉलनीतल्या शाळेत, आठवीत, प्रयोगाच्या तासाला एक थर्मामीटर फुटलेला सापडला. मास्तर आत आले आणि थर्मामीटरकडे न पाहता थेट यांच्याकडे पाहिलं. यांच्या वडिलांचं आडनाव आणि वस्ती मास्तरांना माहीत होती. छड्या खाऊन झाल्यावर कळलं की थर्मामीटर पेटीतच फुटून आला होता. "पहिले नाव घेतलं, मग वस्तू पाहिली," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. हीटचा नंबर सांगावा तसं सांगितलं. "म्हणून मी पहिले वस्तू पाहतो."

हे माझ्या लक्षात राहिलं, कारण पुढे ते स्वतःच विसरले.

त्या वर्षी दिवाळीनंतर तीनेक आठवड्यांनी दुलारीबाई आमच्याकडे आली. त्याआधी ती यार्डात रेजा, म्हणजे मजूर बाई होती, उन्हात भंगार वेगळं करायची. पत्र्याच्या तुकड्याने तिचा तळवा उभा फाटला होता, आणि कोणीतरी दया दाखवून तिला सावलीत, आमच्या ड्रिलवर पाठवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुलारी. बाकीचे तीन दिवस परसराम, जुना माणूस, कमी बोलणारा. दुलारी चाळिशीची, जाडजूड, मोठ्याने हसणारी. काम शिकायला तिला चार दिवस लागले. ती येताना डब्यात ठेठरी आणायची, बेसनाची, तेलात खरपूस तळलेली. साडेदहाच्या चहाला बाहेरच्या बाकावर डबा उघडला जायचा. प्रयोगशाळेत खायचं नाही हा सरांचाच नियम, म्हणून सगळे बाहेर. मी एक घ्यायचे. सर दोन. पथ्य म्हणून वहिनी घरी तळलेलं देत नसत, हे त्यांनी दुलारीला सांगितलं होतं, आणि ती दुसरी ठेठरी बळेच त्यांच्या हातात ठेवायची. "खा ले साहब, भौजी नइ देखत हे।" वहिनी बघत नाहीत, खाऊन घ्या.

मार्गशीर्ष उजाडला आणि कार्बन चढायला लागला.

फार नाही, पण हीट बाजूला काढावी लागेल इतका. कधी चढायचा, कधी नाही. भट्टीवाले म्हणाले प्रयोगशाळा खोटं सांगते. प्रयोगशाळा म्हणाली भंगार खराब. भंगारवाला म्हणाला भट्टीवाले झोपतात. कोणी कोणाचा चहा घेईना. शर्माजींनी वर ऐकून घेतलं होतं, ते खाली ऐकवायला आले. सरांनी रजिस्टर उघडलं. पानामागून पान पेनाचं टोक फिरवत गेले, वारांपुढे टिंब करत गेले, आणि मग थांबले.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," ते म्हणाले.

खोलीत आम्ही चौघं होतो. शर्माजी, सर, मी, आणि ड्रिलपाशी पुड्या बांधणारी दुलारी. तो बुधवार होता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सरांनीही. मी तो क्षण पुढे पुष्कळदा उलटून पाहिला आहे. त्यांनी आधी बाईकडे पाहिलं, मग ड्रिलकडे.

"मैं तो रोज जइसने करथंव, तइसने करे हंव," दुलारी म्हणाली. मी रोज जसं करते तसंच केलं आहे.

तेल. संशयाला कारण होतं. लोखंडाच्या बुराद्याला तेल किंवा चिकटपणा लागला की नळीत तेही जळतं आणि त्याचा कार्बन लोखंडाच्या नावावर चढतो. दुलारी केसांना चपचपीत तेल लावायची. शिवाय सकाळचा पहिला नमुना ठीक यायचा आणि अकरानंतरचे चढे. शर्माजींनी लगेच अर्थ लावला, "सुबह डर के काम करती है, चाय के बाद लापरवाह।" खरं सांगायचं तर मलाही तीच वाटली. पुढे ती आली ते तीन दिवस मी तिच्या हातांवर नजर ठेवून होते. नजर ठेवली की माणूस चुकल्यासारखाच दिसायला लागतो. तिने पदराने कपाळ पुसलं, माझ्या मनात नोंद. तिने अंबाडा सारखा केला, नोंद. तिलाही ते कळत होतं. तिचं हसणं बंद झालं. ठेठरीचा डबा मात्र ती आणतच राहिली, आणि तो बाकावर आधीपेक्षा जास्त आग्रहाने फिरवू लागली. शर्माजींना तोही पुरावा वाटला. "खिला-पिला के रखती है सबको।"

सरांनी मात्र एवढ्यावर सही केली नाही. ते म्हणाले, "आता एकच गोष्ट हलवू." पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी परसरामलाही बोलावलं. एकच गोळा, एकच ड्रिल. अर्धा बुरादा दुलारीने पाडायचा, अर्धा परसरामने. पुड्यांवर नावं नकोत, कोणाची कोणती ते सरांनाही कळायला नको. मी एका पुडीवर फूल काढलं, दुसरीवर छत्री. चहा झाल्यावर सरांनी दोन्ही तोलल्या, जाळल्या, वाचल्या.

दोन्ही चढ्या.

मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे दुलारीचे हात नाहीत. सरांनी तसं लिहूनही ठेवलं. पण शर्माजींकडे उत्तर तयार होतं. ड्रिल तर एकच ना? सकाळपासून तिच्याच हातात होतं. मशीनलाच तेल लागलं असेल.

मी म्हणाले, "सर, छत्रीच्या पुडीत बुरादा उरला आहे. मी एकदा तोलून जाळून पाहू?"

"नको."

"का?"

"तोलणारा माणूस बदलला तर आणखी एक गोष्ट बदलली. मग दुलारी हलली का तुम्ही हलल्या, कसं समजंन?" नियम बरोबर होता. मी पुडी कपाटात ठेवून दिली.

शर्माजींनी शनिवारी दुलारीला निरोप पाठवला, सोमवार से मत आना. यार्डातही नको. आणि मग जे झालं त्याने तर सगळ्यांचीच खात्री पटली. सोमवारी कार्बन ठीक. बुधवारी ठीक. शुक्रवारी ठीक. भट्टीवाले आणि भंगारवाला पुन्हा एकत्र चहा प्यायला लागले. शर्माजी येऊन सरांच्या पाठीवर थाप मारून गेले. "देखा? बीमारी गई।"

सर खूश नव्हते. ते रोज रजिस्टर उघडून बसायचे आणि त्या सरळ आकड्यांकडे असे पाहायचे, जसे लोक फार गोड बोलणाऱ्याकडे पाहतात.

आठव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, दुलारी गेली. पण तिच्यासोबत काय काय गेलं?"

आम्ही यादी केली. तिचं स्टूल. ड्रिल पुसायचं फडकं. डोक्याचं तेल. हातातल्या काचेच्या बांगड्या. ती पुडीसाठी जुन्या वहीचे कागद आणायची, ते. सरांनी एकेक वस्तू परत आणली, एका दिवशी एकच. फडकं कचऱ्यातून शोधलं, परसरामला त्याने ड्रिल पुसायला लावलं. कार्बन ठीक. वहीचे कागद आणले. ठीक. एक दिवस परसरामला डोक्याला खोबरेल चोपडून बसवलं. तो बिचारा दिवसभर चमकत होता आणि भट्टीवरचे लोक येऊन येऊन बघत होते, "का परसराम, बिहाव हे का?" लग्न आहे की काय. कार्बन तरीही ठीक. बांगड्या तेवढ्या घालायला परसरामने नकार दिला.

यादी संपली. सर कानावरचं पेन काढून ठेवायचे, पुन्हा लावायचे. त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती आणि शर्माजी दोन वर्षांची मुदतवाढ देणार हे जवळपास ठरलं होतं. मुलाने तेलीबांध्याला फ्लॅट घेतला होता. सरांना घरी बसायचं नव्हतं. प्रकरण मिटलेलं होतं. ते तसंच मिटू दिलं असतं तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं, दुलारी सोडून.

मी यादी परत वाचली आणि म्हणाले, "डबा राहिला."

"कोणता डबा?"

"ठेठरीचा."

ते चिडले. "डबा तर बाहेर असते, बाकावर. आत कुठं येत होता तो?"

"डबा येत नव्हता, सर. तुम्ही येत होता."

मी काही फार हुशारीने बोलले नव्हते. वैतागून बोलले होते. सरांनी आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याकडे पाहत राहिले. अंगठा आणि दोन बोटं.

"मी हात धुतो," ते म्हणाले.

"नुसत्या पाण्याने."

मग ते म्हणाले, "यादीत मी मले लिहिलंच नाही, मॅडम. मी रोजच असतो ना. मले वाटलं, मी बांधलेला आहो."

ठेठरी तीच हवी होती. दुकानातली आणली तर तेल वेगळं, बेसन वेगळं, आणखी दोन गोष्टी बदलल्या असत्या. म्हणून मी दुलारीच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत गेले. मोहल्ल्याच्या तोंडाशीच एका बाईने मला विचारलं, "ओ चोरनी दुलारी?" म्हणजे तिथे ही गोष्ट चोरी होऊन पोचली होती. घर बंद ठेवून दुलारी मागच्या अंगणात गोवऱ्या रचत होती. मी कशासाठी आले ते सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवले.

"नौकरी ला खा डारिस, अब ठेठरी घलो खाही?"

नोकरी खाल्ली, आता ठेठरीपण खाणार? प्रयोग म्हणजे काय, ते तिला तिथे उभं राहून समजावलं. सरांनी ठेठरी खायची, रोजच्यासारखे हात धुवायचे, तोलायचं. चढलं तर दोष कोणाचा ते दिसेल.

"अऊ नइ चढ़िस त?"

नाही चढलं तर? मी म्हणाले, "तर मला माहीत नाही, दुलारी."

हे तिला पटलं असावं. गोड बोलले असते तर तिने पाठ फिरवली असती. "मैं खुद लेके आहूं," ती म्हणाली. "अपन आंखी ले देखहूं।" मी स्वतः आणीन, स्वतःच्या डोळ्यांनी बघेन.

ती आली ती धुतलेलं लुगडं नेसून, जणू कोर्टात यायचं होतं. परसरामने एका ओळखीच्या, जुन्या, ठीक निघालेल्या गोळ्याचा बुरादा पाडला. साडेदहाला सर बाकावर बसले. दुलारीने डबा उघडून समोर धरला, आग्रह केला नाही. सरांनी दोन ठेठऱ्या खाल्ल्या. एरवी त्या दोन मिनिटांत संपायच्या. त्या दिवशी एकेक तुकडा मोडून खात राहिले. मग नळाखाली हात धरला, रुमालाला पुसला, आत आले, अंगठा आणि दोन बोटं पुडीत घातली आणि सोडली. काटा एक ग्रॅमवर थांबला. चिमूट तेव्हाही अचूक होती.

नळीत ठेवलं. वायू मोजायच्या काचेत पाणी सरकायला लागलं. दुलारीला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून ती दाराशी उभी राहून काचेकडे नाही, सरांच्या तोंडाकडे बघत होती.

चढला.

मग त्याच पुडीतून मी चिमट्याने तोललं. ठीक. मग सरांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा चिमटीने तोललं. ठीक. मग, गरज नसताना, तिसरी ठेठरी मागितली. दुलारीने दिली. खाल्ली, पाण्याने हात धुतले, तोललं. चढला. कपाटातली छत्रीची पुडीही मी काढली आणि चिमट्याने तोलून जाळली. त्या दिवशी मी ती माझ्या हाताने जाळली असती तर बाईची नोकरी गेली नसती. तीही ठीक निघाली.

"दुलारी, गलती मेरी थी," सर म्हणाले. "नाम तेरा लिया."

ती म्हणाली, "हव."

एवढंच. हो. माफ केलं असं नाही, काही नाही. डबा बंद केला आणि दाराशीच बसून राहिली, कारण तोंडच्या शब्दावर ती परत जाणार नव्हती. कागद कोण लिहितो ते तिला बघायचं होतं.

शर्माजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. ते दुष्ट नव्हते. त्यांनी हिशोबाची गोष्ट केली. बाईला परत घेऊन टाकू, काहीतरी कारण सांगू. पण रजिस्टरात लिहायची काय गरज? बाहेरचे तपासनीस ते वाचतात. दोन महिन्यांच्या सगळ्या हीटवर प्रश्न येईल. "और आपका एक्सटेंशन, गजभियेजी? ऊपर मैं क्या बोलूंगा? जिसका हाथ दिखाते थे, उसी का हाथ?"

"लिखना तो पड़ेगा, साहब."

"क्यों पड़ेगा?"

"नहीं लिखा तो दुलारी कागज़ पर चोर ही रहेगी."

त्यांनी लिहिलं. मी पाहिलं आहे ते पान, आजही माझ्या कपाटात आहे, कारण प्रयोगशाळा आता माझ्याकडे आहे. तारखा, हीटचे नंबर, आणि खाली चार ओळी. नमुना पाडणाऱ्या दोघांचे हात स्वच्छ होते. दूषण तोलणाऱ्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांमुळे. तोलणारा म्हणून स्वतःचं पूर्ण नाव. सही नेहमीसारखी तिरकी नाही, सरळ, प्रत्येक अक्षर सुटं. खोडाखोड नाही.

तपासनीस आले, वाचलं, नाक मुरडलं, चिमटा सक्तीचा केला. मुदतवाढ आली नाही. दुलारी परत आली, पण आठवड्यात तीन दिवस नाही, सहा दिवस. ही तिची अट होती आणि शर्माजींनी निमूट मान्य केली. तिने पहिल्या दिवशी ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, तिच्या भाषेत, मोबाइलवर रेकॉर्ड करून, आणि पाऱ्यात ऐकवलं. ठेठरी पुन्हा यायला लागली. बाकावर डबा फिरायचा, मला, परसरामला, भट्टीवरून कोणी आलं तर त्याला. सरांपुढून तो न थांबता पुढे जायचा. सर मागायचेही नाहीत. ते त्यांची चपाती खायचे, आणि तीसुद्धा डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर, बोटं वर करून, जणू ओला रंग लावला आहे. परसरामला ते फार विचित्र वाटायचं. मी म्हटलं, "सर, आता चिमटा आहे ना."

"चिमट्याले पण हातच धरते, मॅडम."

त्या दोन महिन्यांत ते नवीन माणसाला तीन वाक्यं सांगायचे ती चार झाली. चौथं असं: "आणि बांधलेल्यांची यादी करून पहिले सोतःचं नाव लिहायचं." हे सांगताना आवाज तोच, हीटचा नंबर सांगावा तसा. निवृत्तीच्या दिवशी शाल, बॅग आणि सामोसे झाले. शर्माजींचं भाषण छान झालं. त्यात हाताचा उल्लेख नव्हता. दुलारी मागे उभी होती. सामोसे वाटायचं काम तिच्याकडे होतं. सरांच्या बशीत तिने दोन ठेवले आणि पुढे गेली. ते कारखान्याच्या पैशाचे सामोसे होते.

त्यानंतर त्यांची माझी भेट नव्हती. फोन करण्याचं नातं नव्हतं आमचं. गेल्या हिवाळ्यात मला नवा रायपूरला एका कार्यालयात कागद द्यायला जावं लागलं. परत येताना तेलीबांध्याच्या तलावापाशी चहासाठी थांबले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. फिरणाऱ्यांच्या वाटेवर, एका बाकावर, फिका निळा शर्ट. शुक्रवारचा शर्ट, मी मनात म्हटलं, आणि शुक्रवारच होता.

समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "काय बदललं?"

"वजन वाढलं, सर."

"तुमचं का हीटचं?"

"माझं."

हसले. वहिनी गेल्याचं तेव्हा कळलं, मागच्या वर्षी. गुडघा शेवटपर्यंत चांगला होता, ते म्हणाले. कशाने बरा झाला ते आता कधीच कळणार नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण तक्रार कोणाविरुद्ध ते कळलं नाही.

माझ्या पिशवीत दुलारीची ठेठरी होती. शुक्रवारी ती मला घरी न्यायला बांधून देते. माझी मुलगी खाते, "मम्मी, आंटी वाला लाना" म्हणते. मी पुडी काढली.

त्यांनी ओळखली. "दुलारीनं माह्यासाठी दिली?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, सर. मला दिली. मी तुम्हाला देते आहे."

"मंग ते वेगळं झालं," ते म्हणाले. थोडा वेळ पुडीकडे पाहिलं. "तरी एक देऊन ठेवा."

डाव्या हाताने घेतली. सावकाश खाल्ली. उजवा हात मांडीवर होता, तळवा वर, तीन बोटं एकमेकांना न लावता सुटी. तलावाकडून वारा होता आणि ठेठरीचा चुरा त्यांच्या शर्टावर पडत होता. तो झटकायलाही त्यांनी तो हात वापरला नाही. मी निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं तर तसेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी ड्रिलवर दुलारीला सांगितलं की सर भेटले होते, तुझी ठेठरी खाल्ली.

तिने ड्रिल बंद केलं. "कोन हाथ ले खाइस?" कोणत्या हाताने खाल्ली?

"बाएं से."

"हव," ती म्हणाली, आणि ड्रिल पुन्हा सुरू केलं.